राजाची मोटार जपतात, टेम्पोचं काय?

त्रिवेणीनगरकडून तळवड्याकडे आलात की आधी आयटी पार्कच्या काचेच्या इमारती लागतात. गळ्यात आयकार्ड, हातात चहाचा कप, रस्त्यावर कॅबची रांग. तिथून दोन वळणं घेतली की पत्र्याच्या शेड सुरू होतात. लेथचा आवाज, कटिंग ऑइलचा वास, दारात ठेवलेल्या जॉबच्या जाळ्या. अशा एखाद्या शेडच्या मागे डोकावून बघा. टायर बसलेली, काच तडकलेली, हौद्यात गवत उगवलेली एखादी जुनी पिकअप किंवा टेम्पो तिथे हमखास उभा असतो. मालकाला विचारलंत तर तो हातातलं काम न थांबवता सांगतो, "ती होय? द्यायचीय. किलोवर."

या 'किलोवर' शब्दाबद्दल आज बोलायचंय.

जुनी पिकअप विकत घेऊन ती पुन्हा उभी करण्याचे व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी सेव्ह करून ठेवले असतील. पन्नासच्या दशकातली अमेरिकन गाडी, गोल दिवे, लाकडी हौदा, शेवटी संध्याकाळच्या उन्हात सरळसोट रस्त्यावरून जाणारी. बघायला छानच वाटतं. पण ती गाडी त्यांच्या शेतावरची, त्यांच्या आजोबांची. आपल्या आजोबांची गाडी कुठली, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. आणि त्याचं उत्तर तर तळवड्यापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे.

'टेम्पो' हा शब्दच घ्या. घर बदलायचं, गणपती आणायचा, मंडईत कांदा न्यायचा, की आपण म्हणतो, "टेम्पो सांग." गाडी कुठल्याही कंपनीची असो, ती टेम्पोच. खरं तर हे एका कंपनीचं नाव आहे. जर्मनीतल्या हॅम्बुर्गची विडाल अँड झोन ही कंपनी 'टेम्पो' नावाने तीनचाकी मालगाड्या बनवायची. तिच्याशी करार करून 1958 मध्ये बजाज टेम्पो सुरू झाली. फिरोदियांची ही कंपनी आधी मुंबईत गोरेगावला होती, 1964 मध्ये आकुर्डीला आली. पुढे एक चाक आणि सोंडेसारखं नाक असलेली तिची 'हॅन्सीट' इतकी चालली, की गाडीचं नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसलं. पाठोपाठ मॅटॅडोर आली. गावाकडच्या लग्नाची वऱ्हाडं तिच्यातून गेली, तमाशाचे फड, भजनी मंडळं, दूध संघाचे कॅन तिच्यातून गेले. कंपनीने 2005 मध्ये नाव बदलून फोर्स मोटर्स केलं. कंपनीने सोडलेलं 'टेम्पो' हे नाव आपण मात्र अजून सोडलेलं नाही.

दुसरी गोष्ट टेल्कोची. तुमच्या वडिलांच्या पिढीला टाटा मोटर्स म्हटलं तरी ऐकू टेल्कोच येतं. ऐंशीच्या दशकात सरकारने हलक्या मालगाड्यांसाठी जपानी भागीदारीची दारं उघडली. डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निस्सान, आयशर-मित्सुबिशी, स्वराज-माझदा, चार-चार जोड्या एकदम मैदानात आल्या. टेल्कोपुढे प्रश्न उभा राहिला. 1954 मध्ये डाइमलर-बेंझशी केलेला तिचा ट्रकचा करार 1969 मध्येच संपला होता. आता जे करायचं ते स्वतःच्या डोक्याने. पुण्यातल्या इंजिनीअरांनी 407 तयार केली आणि ती 1986 मध्ये बाजारात आली. जपानी जोड्यांपैकी बहुतेक पुढे मोडल्या. 407 अजूनही रस्त्यावर दिसते.

दोनच वर्षांनी, 1988 मध्ये, त्याच टेल्कोने टाटामोबाइल 206 आणली. ही खरीखुरी पिकअप. पुढे मोटारीसारखी केबिन, मागे हौदा, दोन लिटरला थोडं कमी असं डिझेल इंजिन. इंजिनाचं नाव 483. चार सिलिंडर, 83 मिलिमीटरचा बोअर. (मेकॅनिकलवाल्यांनो, स्ट्रोक 90 मिलिमीटर धरा आणि गणित करून बघा, 1948 सीसी येईल. व्हायवात कामाला येईल.) याच गाडीच्या पायावर 1991 मध्ये सिएरा उभी राहिली. नव्या सिएराचं कौतुक सध्या तुम्ही फोनवर बघत असाल, तर तिच्या नावाची मूळ मालकीण ही अशी एका पिकअपच्या पोटी जन्मलेली आहे. त्याच इंजिनावर 1994 मध्ये सुमो आली. सुमंत मुळगावकरांच्या इंग्रजी नावातली 'Su' आणि 'Mo' ही अक्षरं तिने घेतली. तोवर मुळगावकर हयात नव्हते. ते 1989 मध्ये गेले. म्हणजे मोटार बनवायला आपण शिकलो ते मालगाडी बनवता बनवता. आपल्या इंजिनीअरिंगच्या इतिहासातलं हे पान आज तळवड्यात कुठल्यातरी शेडमागे पावसात भिजत पडलंय आणि त्याचा भाव किलोवर ठरतोय.

मग जपलं काय जातं? व्हिंटेज मोटारींच्या रॅलीला कधी गेला असाल तर आठवून बघा. संस्थानिकांची रोल्स रॉइस, कुणा शेठजींची ब्यूक, झालंच तर एखादी जीप. सगळ्या चकाचक, आणि जपायलाच हव्यात, त्याबद्दल दुमत नाही. पण त्या रांगेत भाजीचा टेम्पो नसतो. ज्या गाडीने हे शहर वसवलं, वाळू-विटा वाहिल्या, कारखान्यातून सुटे भाग नेले-आणले, ती गाडी 'कामाची' होती. आणि कामाची गोष्ट काम संपलं की फेकायची, असा आपला हिशेब असतो. माणसांच्या बाबतीतही आपण हाच हिशेब लावतो, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

कायद्याचीही नजर अशीच आहे. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात असलेली, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला 20 हजार रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला 5 हजार. नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. रॅली, प्रदर्शन, संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती यासाठीच ती रस्त्यावर काढायची. नियम चांगलाच आहे. पण तो आहे दुचाकी आणि चारचाकींसाठी, तोही धंद्यासाठी न वापरल्या जाणाऱ्या. म्हणजे तीनचाकी हॅन्सीट, जिने मराठीला एक शब्द दिला, ती चाकं मोजतानाच बाद. आणि 1988 ची टाटामोबाइल 2038 पर्यंत नुसतीच 'जुनी गाडी'. तोवर तिला साधीच नोंदणी, फिटनेस, विमा, पर्यावरण कर हे सगळं लागणार. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी. तोवर ती टिकेल का?

इथे तुमच्यातला एखादा म्हणेल, "सर, एवढं प्रेम असेल तर तुम्हीच घ्या ना!" म्हणा. आम्ही मात्र तुम्हालाच सांगणार आहोत, कारण वेळ, वाकणारी कंबर आणि चार मित्र तुमच्याकडे आहेत. फक्त एकट्याने घेऊ नका आणि कर्ज काढून तर मुळीच नको. अशी गाडी स्वस्तात मिळते. ती उभी करण्याचा खर्च मिळालेल्या किमतीच्या किती पट जाईल, हे गाडी उघडल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. सहा-आठ जणांत घ्या, कॉलेजच्या वर्कशॉपला जोडून घ्या, जमलं तर शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून घ्या.

आधी कागद, मग गाडी. हे वाक्य कुठलाही जुना डीलर सांगेल, आणि तरी दहातले नऊ जण गाडीचा रंग बघून पैसे देऊन बसतात. आरसी बुकातला चॅसी नंबर आणि फ्रेमवर ठोकलेला नंबर स्वतः गंज खरवडून, खडू घासून ताडून बघा. इंजिन नंबरही. मालगाडीच्या आयुष्यात इंजिन बदललेलं असण्याची शक्यता फार, आणि ती नोंद बुकात नसेल तर डोकेदुखी तुमची. बँकेचा बोजा उतरलाय का, दुसऱ्या जिल्ह्यातली असेल तर एनओसी आहे का, कर भरलाय का, मूळ मालक हयात आहे का, नसेल तर वारसांच्या सह्या कोण देणार. नोंदणी रद्द होऊन भंगारात निघालेली गाडी असेल तर ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत उघडून ठेवायला उत्तम, रस्त्यावर आणायचं स्वप्न सोडा. दिल्लीतला दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांचा नियम आपल्याकडे लागू नाही, हे मात्र लक्षात ठेवा. तो दाखवून घाबरवणारे आणि भाव पाडणारे पुष्कळ भेटतात. आणखी एक. तुमच्या साध्या कारच्या लायसन्सवर ही गाडी चालवता येते. 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला वेगळा शेरा लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये सांगितलंय.

आता गाडी. इंजिनाला घाबरू नका. 483 सुमोतही होतं, त्यामुळे पिस्टन, रिंगा, लायनर, गॅस्केट यांची ओळख असलेली दुकानं अजून आहेत, आणि पिंपरी-चिंचवडमध्ये क्रँक ग्राइंडिंग करून देणारा माणूस शोधायला गाव पालथं घालावं लागत नाही. इंजिन चालू असेल तर ऑइल भरायचं झाकण उघडून बघा. भकाभका धूर आला तर रिंगा-बोअर गेलेत. सायलेन्सरचा निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पंप-नोझल किंवा हवेची भानगड. वर्षानुवर्षं बंद पडलेलं असेल तर उत्साहाच्या भरात बॅटरी जोडून सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये ऑइल सोडा, दोन दिवस थांबा आणि हाताने क्रँक फिरतो का बघा. जाम झालेल्या रिंगा जोर लावला की तुटतात.

घाबरायचं ते पत्र्याला. मालगाडीत गंज बाहेरून दिसतो त्याच्या कितीतरी जास्त आत असतो. केबिनचे खालचे कोपरे, पायाखालचा पत्रा, हौद्याची तळफळी, फाळक्याच्या बिजागऱ्या, कमानीचे ब्रॅकेट जिथे चॅसीला बसतात ती जागा. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. 'टण्ण' वाजलं तर ठीक, 'भद्द' वाजलं तर आत नुसती पुट्टी आहे. चॅसीच खाल्लेली असेल तर नमस्कार करून पुढे चला. इंजिन मिळतं; जुन्या केबिनची काच, बीडिंगचं रबर, दिव्यांची मूळ काच, दाराचे हँडल या फुटकळ वाटणाऱ्या गोष्टी सहा-सहा महिने मिळत नाहीत, आणि नेमक्या त्याच फोटोत दिसतात.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत म्हणून सांगतो. डिझेलच्या टाकीला भोक पडलं म्हणून तशीच वेल्डिंगला देऊ नका. रिकाम्या टाकीतल्या वाफेचा स्फोट होतो. आणि जुने ब्रेक उघडल्यावर ड्रममधली धूळ एअर मारून उडवू नका. त्या काळातल्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओलं फडकं घ्या, मास्क घाला.

एवढं सगळं करून काही जण शेवटी काय करतात? रुंद टायर, एलईडीच्या पट्ट्या, कानठळ्या बसवणारा हॉर्न, वर मागच्या काचेवर स्टिकर. तुमची गाडी, तुमचे पैसे, पण मग जुनी गाडी घेतलीतच कशाला? कायदाही तुमच्या बाजूने नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल, दोन्हींचं म्हणणं एकच: कंपनीने दिलेल्या मूळ रचनेच्या विरुद्ध जाईल असा बदल गाडीत करता येणार नाही. जुनी गाडी उभी करणं म्हणजे तिला आपल्यासारखं करणं नव्हे. ज्याने 1988 मध्ये तो ब्रॅकेट असाच का वाकवला असेल, हे शोधत बसणं. यातच खरी मजा आहे.

आणि ते सांगणारी माणसं अजून इथे आहेत, हा या सगळ्यातला मोठा मुद्दा. आकुर्डी, निगडी, चिंचवड, थेरगाव, संध्याकाळी ज्येष्ठ नागरिक संघाच्या बाकांवर बसलेल्या काकांपैकी कितीतरी जण टेल्को किंवा टेम्पोतून निवृत्त झालेत. कुणी प्रेस शॉपला होते, कुणी इंजिन असेंब्लीला, कुणी टूल रूमला. त्यांना निवृत्तीनंतर कुणी कामाबद्दल विचारत नाही. घरचे विचारतात ते गोळ्या घेतल्या का. तुम्ही एखादा अडलेला गिअरबॉक्स समोर ठेवून बघा. आवाज ऐकून कुठला बेअरिंग गेला ते सांगणारी, हातात मायक्रोमीटर नसतानाही बोटाने फरक ओळखणारी ही पिढी आहे, आणि तिच्या हातातलं बरंचसं ज्ञान कुठल्याच ड्रॉइंगवर लिहिलेलं नाही. ते काका आणखी दहा वर्षांनी तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यायला असतीलच असं नाही.

सुटे भागही तसेच चाललेत. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने तळवड्याशेजारच्या चिखली-कुदळवाडीत भंगाराची गोदामं आणि छोटे कारखाने पाडले, हजारोंच्या संख्येने. त्यात अनधिकृत बांधकामं होती, तिथे वारंवार आगी लागत होत्या, घाण इंद्रायणीत जात होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच गोदामांत जुन्या गाड्यांचे गिअरबॉक्स, ॲक्सल, केबिन पडलेल्या असायच्या आणि त्या कुठल्या गाडीच्या हे एका नजरेत सांगणारी माणसं होती. ती माणसं आता पांगली. कारवाई बरोबर की चूक यावर वाद होतील. भंगारात गेलेल्या त्या मालाची, निदान त्यातल्या वेचक गोष्टींची, कुणी नोंद ठेवली असती तर बरं झालं असतं, एवढंच आमचं म्हणणं.

प्रदूषणाचा प्रश्न विचाराल, आणि विचारायलाच हवा. 1988 च्या डिझेल इंजिनाला आजचे निकष माहीतच नव्हते. आपल्याकडे धुराचे पहिले नियम नव्वदीच्या सुरुवातीला आले. अशी गाडी रोज कॉलेजला घेऊन येणाऱ्याचं आम्ही कौतुक करणार नाही. तळवडे-चाकण रस्त्यावर संध्याकाळी अर्धा तास अडकलात की आणखी एका धुराड्याची गरज नाही हे फुप्फुसच सांगतं. वर्षातून दहा-बारा दिवस, सणाला, प्रदर्शनाला काढा. पंप-नोझल नीट कॅलिब्रेट करून घ्या, पीयूसी काढा. बाकी वेळ ती झाकून उभी असू दे. रोजच्या कामासाठी भंगार धोरणाचा लाभ घेऊन नवी गाडी घेणाऱ्या टेम्पोवाल्यालाही आम्ही नावं ठेवणार नाही. त्याचं पोट त्या गाडीवर आहे. जपायच्या आहेत त्या सगळ्या गाड्या नव्हेत. प्रत्येक जातीची एक-दोन.

त्यासाठी दोन मागण्या आहेत. एक केंद्राकडे: व्हिंटेजच्या नियमात तीनचाकी आणि मालवाहू गाड्यांना जागा द्या, पन्नास वर्षं होण्याआधीही जपणूक करणाऱ्या शिक्षणसंस्थांना नोंदणीत सवलत द्या. दुसरी आपल्याच शहराकडे. पिंपरी-चिंचवड स्वतःला उद्योगनगरी म्हणवतं, चौकाचौकांत शिल्पं उभारतं. एक शेड द्या. पत्र्याची चालेल. त्यात एक हॅन्सीट, एक मॅटॅडोर, एक 407, एक टाटामोबाइल आणि 2005 मध्ये आलेला पहिल्या वर्षातला 'छोटा हत्ती', एवढं जमवा आणि ती शेड इंजिनीअरिंगच्या आणि आयटीआयच्या मुलांच्या हवाली करा. छोटा हत्ती ऐकून हसलात ना? विशी ओलांडली त्याने. पहिल्या खेपेच्या गाड्या आत्ताच किलोवर जातायत.

मागण्या मान्य व्हायच्या तेव्हा होतील. येत्या रविवारी तळवड्यात चक्कर मारायची असेल तर पाने-पकडी घेऊन जाऊ नका. वही न्या, खडू न्या. शेडवाल्याला आधी विचारा, चहा घ्या, मग गाडीचे फोटो काढा: चॅसी नंबर, हौद्याचे सांधे, डॅशबोर्ड, इंजिनावरचं प्रत्येक वायरचं टोक. पुढे कधी ती उघडायची वेळ आली, तर कुठली वायर कुठे जात होती हे त्या फोटोंशिवाय कुणालाही आठवणार नाही. आणि मालक "किलोवर" म्हणाला, तर त्याला एवढंच विचारा, ही गाडी पहिल्यांदा कुणी घेतली होती. बहुतेक वेळा तो हातातलं काम थांबवतो.